डिसेंबरातली ड्रेपरी : सांताचं डिपॉझिट पाचशे, गाडगेबाबांचंही पाचशे

आज नाताळची सुट्टी. आमच्या शाळेला एकच दिवस मिळते, पलीकडच्या इंग्रजी शाळेची पोरं मात्र आता थेट एक तारखेनंतर उगवणार. काल संध्याकाळी शेवटचं गाठोडं ड्रेपरीत, म्हणजे नाटका-नाचाचे ड्रेस भाड्याने देणाऱ्या दुकानात, परत देऊन आले, त्यात दीडशे रुपये कापून घेतले ते वेगळंच, खाली लिहितेच त्याबद्दल, आणि आज चहा घेऊन हे टाईप करायला बसलेय कारण गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या शाळांतल्या बाईंचे फोन आले आणि तिघींचा प्रश्न एकच, तुम्ही गॅदरिंगचे ड्रेस कुठून आणता हो?

तर दुकान पुण्यात पेठेत आहे, एवढं पुरे. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि पुढच्या वर्षी हेच तोंड घेऊन मला तिथे जायचंय. ज्यांना कळायचं त्यांना जिन्यावरून कळेल.

जुन्या वाड्याचा पहिला मजला. लाकडी जिना, दोराला धरून चढायचं, वर पोचलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग कुणाच्या तरी घामाचा, मग काका दिसतात. काका म्हणजे मालक, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि समोर एक जाडजूड लाल वही जिच्याबद्दल मी पुढे बरंच बोलणार आहे. मागे छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर गाठोडी. प्रत्येकावर मार्करने लिहिलेलं, मावळा ३२, कोळीण २८, वारकरी मोठे, परी, गाजर, झाडे सहा नग. एका गाठोड्यावर नुसतंच "इंग्रज" असं आहे. मी दरवर्षी ते वाचते आणि दरवर्षी हसते.

भाडं सांगते, म्हणजे अंदाज येईल. शिवलेली नऊवारी दोनशे, कोळी सेट एकशे ऐंशी, मावळा अडीचशे त्यात मोजड्या नाहीत, तलवार वेगळी. सांता १९ तारखेपर्यंत तीनशे आणि २० पासून एकदम पाचशे, कारण तेव्हा सगळ्या सोसायट्या, नर्सऱ्या आणि दुकानं त्याच चार-पाच सांतांच्या मागे लागलेली असतात. दिवस धरतात अठ्ठेचाळीस तासांचा, सांता मात्र चोवीस तासांत परत. भाडं यूपीआयने चालतं पण डिपॉझिट रोख, आणि ते ड्रेस कुठला का असेना पाचशे. गाडगेबाबांच्या ड्रेसलाही पाचशे! म्हणजे बघा, चिंध्यांची गोधडी अंगावर, डोक्यावर खापर, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, असा सगळा सेट, आणि काका मला गंभीरपणे सांगतायत, "बाई, फाडू नका हां, फाटला तर डिपॉझिटमधून कापणार." मी म्हटलं, काका, फाटलेलाच आहे की. तर म्हणाले, "तो मापात फाटलेला आहे."

यापुढे मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

आता माध्यमिकच्या बायांनी हे नीट वाचा. प्राथमिकवाल्यांचं सोपं असतं, ससा म्हटलं की ससा, पोराला कान लावले की आई फोटो काढते आणि विषय संपतो. आठवी-नववीचं तसं नसतं. एक तर ही मुलं नोव्हेंबरात माप दिलं की डिसेंबरात वेगळीच होतात. दिवाळीनंतर नववी अ च्या चौदा पोरांची मापं मी स्वतः घेतली होती, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी घालून बघितलं तर पाच जणांच्या विजारी घोट्याच्या वर. लहान मुलांचे साइज होत नाहीत आणि मोठ्यांच्या ड्रेसमध्ये खांदे लोंबतात, मधल्या वयासाठी कुणी काही शिवतच नाही. आणि दुसरं म्हणजे लाज. देवदूताचे पंख लावायला नववीतलं कुणी तयार नसतं, मिशी लावायची म्हटली तर ज्याला खरी फुटायला लागलीय तो आधी नाही म्हणतो. मुलींच्या ब्लाऊजचा प्रश्न तर कुठलीच ड्रेपरी नीट सोडवत नाही, पाठीला नुसतं इलॅस्टिक घालून "सगळ्यांना बसतं" म्हणतात, ते कुणालाच बसत नाही, सेफ्टी पिनांचा अख्खा डबा लागतो आणि मुलगी नाचताना सगळं लक्ष पाठीकडे. या दुकानात त्यातल्या त्यात बरं म्हणजे काकू आहेत. काकू मुलींना आतल्या खोलीत नेतात, दोन टाके तिथेच मारून देतात, बाजूला दाबून ठेवलेलं कापड उसवून देतात आणि मुख्य म्हणजे "जाड झालीस गं" वगैरे कॉमेंट करत नाहीत. या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी एक अख्खा स्टार काकूंना वेगळा देते.

डिसेंबर शाळेत कसा असतो हे बाहेरच्यांना कळत नाही, त्यांना वाटतं गॅदरिंग म्हणजे मजा. आमच्याकडे महिनाभर वर्ग असा सलग होतच नाही. सहा तारखेला महापरिनिर्वाण दिन, मग विज्ञान प्रदर्शन, तालुक्याला कुणाचा प्रोजेक्ट जाणार यावरून विज्ञानाच्या दोन सरांचं बोलणं बंद. आठवीतली निवडक मुलं एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या मागे, मॅट आणि सॅटचे, म्हणजे बुद्धिमत्तेचे आणि शालेय विषयांचे, जुने पेपर सोडवतायत. ती परीक्षा पास होऊन यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात, आमच्याकडच्या कितीतरी घरांत ती रक्कम मोठी आहे, त्यामुळे त्यांना नाचाच्या प्रॅक्टिसला ओढायचं नाही असं मोठ्या बाईंनी बजावलेलं. मग सहल. एसटीने शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत असते म्हणून आम्ही लाल परीच घेतो, पोरांना व्हिडिओ कोच हवी असते, पण पालकांनी पैसे कुठून आणायचे. सहलीवरून आल्यावर दोन दिवस अर्धा वर्ग घसा बसलेला, आणि त्याच घशातून समूहगान बसवायचं.

दहावीची तर वेगळीच तऱ्हा. २०२४ ला बोर्डाची लेखी १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ ला २१ फेब्रुवारीला, आता २०२६ ला २० फेब्रुवारी. आठ-दहा दिवस इकडे सरकले म्हणून काय झालं असं वाटतं, पण ते सगळे डिसेंबर-जानेवारीतूनच कापले जातात, पूर्वपरीक्षा पुढे ओढली जाते आणि दहावीला गॅदरिंगमध्ये भाग घ्यायला बंदी. मग ही पोरं करतात काय तर प्रॅक्टिसच्या वेळी पाणी प्यायच्या निमित्ताने हॉलच्या खिडकीशी येऊन उभी राहतात. यंदा मी त्यांना फेटे बांधायच्या कामाला लावलं. दहावीतला एक मुलगा तर असा फेटा बांधतो की काका म्हणाले, याला सुट्टीत माझ्याकडे पाठवा.

आणि या सगळ्यात स्टाफरूममध्ये विषय एकच, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागल्यापासून ज्यांच्या नोकरीची पाचपेक्षा जास्त वर्षं राहिलीत ते सगळे दोन वर्षांत पास कसं व्हायचं या विवंचनेत. माझी सतरा राहिलीत. एका हातात लावणीच्या मुलींची यादी आणि दुसऱ्या हातात बालमानसशास्त्राचं गाईड, असा आमचा डिसेंबर चाललाय.

हं, तर वही.

काकांच्या लाल वहीत कुठल्या शाळेचं गॅदरिंग कधी, कुठला नाच, किती नग, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. पेन्सिलीने अशासाठी की शाळा तारखा बदलतात. मला वाटतं आख्ख्या पेठेतल्या शाळांच्या बातम्या सगळ्यात आधी त्या वहीत येतात. आमच्या शेजारच्या शाळेचं गॅदरिंग पुढे ढकललं हे त्यांच्या शिक्षकांच्या आधी मला कळलं होतं, कारण काकांनी माझ्यासमोर खोडरबर फिरवला. कुठे नवीन मुख्याध्यापक आले, कुठे यंदा पैसे कमी आहेत म्हणून ड्रेस न घेता नुसती समूहगीतं आहेत, कुणी चाळीस देवदूत मागितलेत, सगळं तिथे. त्यात यंदा महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला लागली, त्यामुळे फेट्यांना अचानक भाव. एक कार्यकर्ते माझ्यासमोर साठ भगवे फेटे विचारून गेले. काकांनी शाळांचे आधी काढून ठेवले आणि मग उरलेले दिले, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि याबद्दल त्यांना मानलं पाहिजे कारण प्रचारवाले पैसे दुप्पट देत होते.

आता मूळ गोष्ट, ज्यासाठी मी या दुकानाला चांगलं म्हणते. नोव्हेंबर संपता संपता मी गेले, नववीचा कोळी डान्स सांगितला, एकोणीस तारीख, सोळा नग. काकांनी वही उघडली, जिभेला बोट लावून पानं उलटली आणि म्हणाले, "कोळी घेऊ नका बाई. अठराला एक शाळा, एकोणीसला दोन शाळा, सगळ्यांना कोळीच पाहिजे. तुमच्या वाट्याला पाचवीचे साइज येतील. चोवीसला तुमचा नाताळ असतो ना?" मी म्हटलं असतो, पंधरा मिनिटांचं नाटुकलं असतं. "त्यात मेंढपाळ किती?" मी म्हटलं सहा. तर म्हणाले, "मग गॅदरिंगला धनगरी गजा बसवा. पांढरे झगे आणि लाल फेटे माझ्याकडे मोठ्या मापाचे पडून आहेत, कोणी नेत नाही. घोंगड्या सहा देतो, त्या एकोणीसला वापरा, चोवीसपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, तेच तुमचे मेंढपाळ. घोंगड्यांचं भाडं एकदाच घेईन."

मी जिन्यातच उभी राहून डान्सच्या सरांना फोन केला. सर मूळचे सांगोल्याकडचे, त्यांना इतका आनंद झाला की पलीकडून ढोलाचा ठेकाच सुरू झाला. पोरं आधी नाराज होती, कारण कोळी गाण्यावर सगळ्यांना स्टेप येतात आणि गजा म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच हे शहरातल्या पोरांना माहीतच नाही, झगा घालून गोल फिरायचं म्हटल्यावर दोघं तर नाव काढून घ्यायला आले. पण एकदा घालून बघितल्यावर त्यांना कळलं की तो झगा गिरकी घेताना कसा फुलतो. मग मधल्या सुट्टीतही झगे घालून फिरायला लागले, शेवटी काढून कपाटात कुलूप लावावं लागलं.

एकोणीसला गॅदरिंग शाळेच्या मैदानावर, आणि उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद हा नियम आहेच, आमचे साउंडवाले इतके घाबरट की पावणेदहालाच वायर काढायला लागले. गजा शेवटी ठेवलेला. गाणं निम्म्यात बंद. सरांनी जागेवरूनच ढोल उचलला आणि पोरं तशीच नाचत राहिली, पुढची सात-आठ मिनिटं नुसता ढोल आणि सोळा झगे. पालक उभे राहिले होते. मी चौदा वर्षं या शाळेत आहे, एवढं शांतपणे गॅदरिंग बघणारे पालक मी बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शनिवार, वीस डिसेंबर, म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी, १९५६ साली याच दिवशी अमरावतीजवळ वलगावला बाबा गेले. आणि मैदानावर काय अवस्था असेल विचार करा, कागदी प्लेटा, थर्माकोल, वडापावचे कागद, टिकल्या. दरवर्षी आम्ही भाषण ठेवतो, यंदा मोठ्या बाई म्हणाल्या भाषण नको, झाडू घ्या. आठवीतला बारकेला पोरगा त्या पाचशे डिपॉझिटच्या गोधडीत, डोक्यावर खापर घालून खराटा घेऊन पुढे, आणि मागे सगळी शाळा. तासाभरात मैदान लख्ख. फक्त खापराने त्याच्या कपाळाला वळ उठला, कारण आत कापूस लावलेला नव्हता. काकांना सांगितलं तर म्हणाले, बाबांना कुठे कापूस होता. हे उत्तर ऐकायला छान आहे पण ग्राहकाला द्यायचं उत्तर नाही, अर्धा स्टार कापला.

आणि मग आला चोवीस तारखेचा गोंधळ.

आमच्याकडे २४ डिसेंबरला दोन कार्यक्रम असतात. सकाळी साने गुरुजींची जयंती, गुरुजींचा जन्म १८९९ सालचा, पालगडचा, आणि ते स्वतः अमळनेरला हायस्कूलात मास्तर होते म्हणून आम्ही तो दिवस जरा मनापासून करतो, प्रार्थनेला त्यांचीच प्रार्थना असते. मधल्या सुट्टीनंतर नाताळ. दोन्हीचे ड्रेस एकाच गाठोड्यात येणार होते. धोतर, सदरा, पांढरी टोपी, आणि सांताचा पूर्ण सेट, तो मी ५ तारखेलाच बुक केलेला, वहीत माझ्यासमोर लिहिलेला.

तेवीसला रात्री साडेआठला काकांचा फोन, आधीच्या गिऱ्हाइकाने सांता परत आणलेला नाही. मी म्हटलं दुसरा द्या. दुसरे सगळे बाहेर. शेवटी सकाळी साडेसातला मी गाठोडं घ्यायला गेले तर त्यात लाल कोट होता, पट्टा होता, टोपी होती. पँट नाही. दाढी नाही. दाढीच्या जागी ऋषीची दाढी दिली होती, जटांसकट. वर कागद, "बाई ॲडजस्ट करा."

सांता आमच्याकडे दरवर्षी शिपाईमामा होतात. पोट आहे, हसतात छान, आणि घंटा त्यांच्याच हातात असते. पँटचा प्रश्न पीटीच्या सरांनी सोडवला, लाल हाऊसची ट्रॅक पँट, फक्त बाजूने दोन पांढऱ्या पट्ट्या, त्या बघून पोरांना वाटलं मुद्दामच. दाढीचं मात्र काही करता येईना. जटा कापल्या तर डिपॉझिट जाणार, म्हणून त्या टोपीत कोंबल्या, तरी मागून एक बाहेर लोंबतच होती, आणि दाढी राखाडी, थेट बेंबीपर्यंत. मामा पितळी घंटा वाजवत श्रीखंडाच्या गोळ्यांची पिशवी खांद्यावर टाकून हॉलमध्ये शिरले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बाई, सांता तपश्चर्येवरून आलाय!" पाच मिनिटं हॉल हसत होता, मामाही हसत होते, आणि हसताना स्पिरिट गम सुटून दाढी एका बाजूने खाली. झाला कार्यक्रम.

पण खरं सांगू का, त्या दिवशी बघण्यासारखे होते ते मेंढपाळ. घोंगडी, काठी, लाल फेटा. आधी आमच्याकडे मेंढपाळ म्हणजे आईची ओढणी डोक्याला बांधलेली चार पोरं असायची, कॅलेंडरवर बघितलेली. यंदा स्टेजवर सहा धनगर बसले, थंडीत घोंगडी गुंडाळून, एकाने विडी ओढल्यासारखं केलं ते मी डोळ्यांनीच थांबवलं, आणि देवदूत आला तेव्हा ते खरंच दचकल्यासारखे वाटले. आठवीत एक मुलगी आहे, घरचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, ती आमची सल्लागार. तिनेच सांगितलं गव्हाणी उंचावर नको, जमिनीवर ठेवा, मामांनी कुठूनतरी कडबा आणला होता. तीन ज्ञानी राजे सरदारांच्या अंगरख्यात, काकांकडे दुसरं काही नव्हतंच, आणि सोनं, ऊद, गंधरस यातला ऊद खराखुरा कुणाच्यातरी देवघरातून आलेला, त्यामुळे हॉलमध्ये वास असा की डांबरगोळ्यांचा वास मेला. तारा म्हणजे दिवाळीचा आकाशकंदील, बोहरी आळीतून नवीन आणायचे पैसे वाचले. त्या मुलीला मी विचारलं, तुमच्या घरी सांता येतो का गं, तर म्हणाली, "नाही बाई, आमच्याकडे भजन असतं." आणि तिने रेव्हरंड टिळकांचं, म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं, एक भजन म्हटलं, तालावर, टाळ हातात घेऊन. पेटी वाजवायला आमचे संगीताचे सर बसले, त्यांना चाल आधीपासून येत होती, मला आश्चर्यच वाटलं. डब्यात तिने करंज्या आणि शंकरपाळे आणले होते. पोरं म्हणाली, हे तर दिवाळीचं. ती म्हणाली, हे नाताळचं.

आता तक्रारी, एकदम सगळ्या.

सांताचं वर सांगितलं. बुकिंग घेतलं, वहीत लिहिलं, तर ते पाळायला पाहिजे, नाहीतर आदल्या दिवशी तरी दुपारी सांगावं, रात्री साडेआठला नाही. भाड्यातले शंभर त्यांनी स्वतःहून कमी केले हे खरं, पण माझी सकाळ गेली ती गेली. दुसरी, पावती. काका कच्च्या चिठ्ठीवर आकडे लिहून देतात. आमच्या ऑफिसातले लेखनिक ती घेत नाहीत, त्यांना दुकानाचा शिक्का, तारीख, सगळं लागतं, मग मी परत जिना चढायचा. शिक्का आहे त्यांच्याकडे, ड्रॉवरमध्ये आहे, मागितल्याशिवाय मारत नाहीत. तिसरी, धुलाई. झग्यांपैकी तिघांच्या कॉलरला आधीच्या कुणाचा तरी मेकअपचा पॅनकेक तसाच होता, आणि गंगावनं, विग, तयार फेटे याबद्दल तर बोलूच नका, मुलींच्या आया उवांच्या भीतीने हैराण असतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. मी प्रत्येकीला घरून सुती रुमाल आणायला सांगते, तो आधी डोक्याला बांधायचा, वरून विग. मुलांना आत बनियन सक्तीचं.

आणि ते दीडशे रुपये. एका घोंगडीला कोपऱ्यात दोन भोकं, काका म्हणतात तुमच्या पोरांनी केली. अहो, ती कसरीची भोकं आहेत, कडा बघितल्या तरी कळतं, काठीने असं भोक पडत नाही. पण माझ्याकडे पुरावा काय? नेताना मी बघितलंच नव्हतं, सोळा झगे मोजण्याच्या नादात. त्यामुळे जाणाऱ्यांनी एवढं करा, नेताना प्रत्येक नग उलगडून मोबाईलवर फोटो काढा, काकांच्या समोर काढा, ते चिडत नाहीत. मी हा शहाणपणा दीडशे रुपयांना विकत घेतलाय.

ऑनलाईन मागवावं का असं एका पालकांनी विचारलं होतं, त्यांनी मागवलाही एक सांता, साडेचारशेचा, आला वेळेवर, पण कापड असलं की मुलगा खाली बसला आणि मागून उसवला. दोनदा वापरायचा असेल तर ठीक. सोळा जणांचा नाच असेल तर ड्रेपरीशिवाय पर्याय नाही, फक्त दागिने त्यांच्याकडून घेऊ नका, काळे पडलेत सगळे, तुळशीबागेत तेवढ्याच पैशात नवे मिळतात आणि मुलींना नंतर ठेवून घेता येतात. आणि जायचं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच जा, १० डिसेंबरनंतर गेलात तर तुम्हाला फक्त गाजर आणि इंग्रज मिळतील. दुपारी दोन ते चार काका झोपतात. चढताना जिन्याची चौथी पायरी सोडून पाय टाका.

माझे एकूण पाचपैकी साडेतीन. काकू नसत्या तर अडीच दिले असते, सांता पूर्ण दिला असता तर चार.

काल पैसे कापल्यावर मी जरा तोंड पाडूनच निघाले होते. काकांनी हाक मारली, "बाई, तीन तारखेला सावित्रीबाईंची जयंती, नऊवारी किती?" मी म्हटलं चार, आणि या वेळी ब्लाऊज मोठे द्या. त्यांनी लिहिलं. मग शेवटच्या पानावर गेले, तिथे पुढच्या वर्षाचं कॅलेंडर चिकटवलेलं आहे, बोट फिरवत म्हणाले, "पुढच्या वर्षी चोवीस गुरुवारी येतेय. सांता आत्ताच लिहू?"

मी म्हटलं लिहा. पेनने लिहा.